वावरांच्या छपराखाली

नोव्हेनाच्या डोळ्यांच्या दवाखान्यात त्या तरुण डॉक्टरणीनं सहज विचारलं, की आईच्या बाजूनं कुणाला काचबिंदू होता का, आणि सुलेखाबाईंना उत्तर सुचेना. वडिलांच्या बाजूचं विचारलं असतं तर त्यांनी आजोबांचा मोतीबिंदू, आत्याचं रातांधळेपण, धाकट्या काकांचा तिरळा डोळा, सगळं घडाघडा सांगितलं असतं. पण आईच्या बाजूला कोण होतं? आईच्या बाजूला आई होती, एकटी. गोरीपान, उंच, नऊवारी नेसल्यावर पावलं उघडी पडणारी आई. आणि तिच्या मागे नुसतं पांढरं, धुकं पडल्यावर रस्त्याच्या पलीकडे असतं तसं. "माहीत नाही," त्या इंग्रजीत म्हणाल्या. डॉक्टरणीनं तेवढंच टाइप केलं आणि डोळ्यांत थेंब घातले. पंचाहत्तरी उलटलेल्या बाईला आपल्या आईविषयी 'माहीत नाही' म्हणावं लागलं, याचं त्या थेंबांपेक्षा जास्त चुरचुरलं. शेजारच्या खुर्चीत जावई बसला होता, निशिकांत. तो बँकेत ऑडिटला होता. बाहेर आल्यावर सासूबाईंचा हात धरून सरकत्या जिन्यावर पाय ठेवायला मदत करत तो म्हणाला, "आई, मला रिकामा रकाना बघवत नाही हो. आपण शोधू या." सुलेखाबाई हसल्या. "निशिकांतराव, अहो, सातासमुद्रापलीकडची माणसं ती. मरून माती झाली." "माती झाली तरी एंट्री असणार," निशिकांत म्हणाला.

बिशानला, लेकीच्या घरी परतताना एम.आर.टी.त, म्हणजे तिथल्या मेट्रोत, त्यांना बसायला जागा मिळाली. थेंबांमुळे समोरची माणसं पाण्यात बुडाल्यासारखी दिसत होती. चार वर्षं झाली होती त्यांना इथे परदेशात येऊन. यजमान गेल्यावर मधुवंती पुण्याला आली आणि लेकीच्या हक्कानं त्यांना घेऊनच आली. "थोडे दिवस चल," म्हणाली. थोड्या दिवसांची वर्षं झाली, तरी सुलेखाबाईंच्या मनात ते दिवस थोडेच राहिले. लेकीच्या घरी किती राहायचं? त्यांच्या लहानपणी बायका लेकीकडे गेल्या की पाणीसुद्धा जपून पीत. त्या फ्रिज विचारून उघडत. टूथब्रश बाथरूममधल्या कपात न ठेवता आपल्या खोलीतल्या डब्यात ठेवत. आणि रोज संध्याकाळी फिरून आल्यावर, फ्लॅटच्या दाराबाहेर जिथे सगळ्यांचे बूट कसेही पडलेले असत, तिथे आपल्या चपला काढून, वाकून, त्यांचं तोंड लिफ्टकडे वळवून ठेवत. ही आईची शिकवण होती. पाहुण्यांच्या चपला आई अशीच फिरवून ठेवायची, निघताना त्यांना सोपं जावं म्हणून. घरातल्यांच्या चपला मात्र ती पायानं बाजूला सारायची आणि वर ओरडायची. इथे नातू निहार रोज बुटांवरून बोलणी खाई. सुलेखाबाईंना चार वर्षांत कुणी एका शब्दानं बोललं नव्हतं.

आणि आता पुण्याहून पुतण्याचा, अनीशचा फोन येत होता. त्यांच्या कोथरूडच्या फ्लॅटमधला भाडेकरू दिवाळीनंतर जाणार होता. "काकू, दुसरा बघू का तुम्ही येताय? एकदा काय ते सांगा." सुलेखाबाईंचं मन परत जाण्याकडे होतं. मधुवंती ऐकायला तयार नव्हती. "काचबिंदू घेऊन तिथे एकटी राहणार? कशासाठी, आई? कोण काय म्हणतंय तुला इथे?" कुणी काही म्हणत नव्हतं, तीच तर अडचण होती. पाहुण्याला कोण काय म्हणणार?

आईचं मूळ नाव लुडमिला. वडील, हेमचंद्र, तरुणपणी चेकोस्लोव्हाकियात साखर कारखान्याची यंत्रं शिकायला गेले होते ते यंत्रांच्या नकाशांबरोबर तिला घेऊन आले. युद्धाच्या तोंडावर. पुण्यात पुन्हा लग्न लागलं, ताटात तांदूळ पसरले आणि वडिलांनी अंगठीनं त्यात 'लीला' असं लिहिलं. सासरच्यांना वाटलं होतं गोरी सून नाव बदलायला खळखळ करील. ती म्हणे ताटाकडे बघून नुसती खुशीत हसली आणि त्यातले चार दाणे तोंडात टाकले. पुढे नगर जिल्ह्यातल्या साखर कारखान्याच्या वसाहतीत सुलेखाबाईंचं बालपण गेलं. मळीचा आंबूस वास, भोंग्यावर चालणारा दिवस, आणि मोदकपात्रात रव्याचे गोळे उकडणारी आई. दिवाळीत ती करंजीत खसखस आणि गूळ भरायची, एवढी खसखस की खाऊन मुलं दुपारी पेंगायची. (इथे खसखस आणायलाच बंदी. यजमानांबरोबर पहिल्यांदा भेटीला येताना मधुवंतीनं फोनवर तीनतीनदा बजावलं होतं, "आई, बाकी काही आण, खसखस आणू नकोस, विमानतळावर धरतील!") माहेरचं विचारलं की आई म्हणायची, "आम्ही ल्होत्काचे. वावरांच्या घरचे." वावरा हे तिचं आडनाव. पण वसाहतीतल्या भांडी घासणाऱ्या बाईला वाटायचं की बाईसाहेबांचं माहेर शेतातच असणार, ती कौतुकानं म्हणायची, "आमच्यावानीच हाये की मग." आई हो म्हणायची. तिकडून पत्रं येत, मग कमी झाली, मग थांबली. सुलेखाबाई कॉलेजात असताना आई गेली. विचारायचं राहून गेलं असं त्या वयात कुणाला वाटतं? आई म्हणजे आई, तिला आणि कुठून आणायचं असतं का?

ल्होत्का आणि वावरा, एवढ्याच भांडवलावर निशिकांतनं धंदा मांडला. त्या देशातल्या जुन्या चर्चच्या जन्म-लग्न-मृत्यूंच्या नोंदवह्या सरकारी दप्तरात जमा होत्या, आणि पानापानाचे फोटो काढून कुणालाही बघायला ठेवले होते. ल्होत्का नावाची गावं निघाली ढीगभर. पण आई सांगायची की गावाला स्वतःचं चर्च नाही, टेकडी उतरून गिरणीच्या गावात जावं लागतं. त्यावरून एकेक गळत गेलं आणि एका शनिवारी सकाळी लुडमिलाच्या आईबापांचं लग्न सापडलं. निशिकांतनं ते पान टीव्हीवर लावलं, सुलेखाबाईंना दिसावं म्हणून. बिशानच्या त्या हॉलमध्ये, पंख्याखाली, भिंतीएवढं मोठं, तपकिरी शाईचं पान. निहार दुधात कॉर्नफ्लेक्स घालता घालता थबकला. "वा, आजी! युअर पीपल गॉट नाइसर हँडरायटिंग दॅन मी लाह." "तुझ्यापेक्षा कुणाचंही चांगलं आहे," मधुवंती स्वयंपाकघरातून म्हणाली, "आणि ते बूट आत कुणी आणले?" सुलेखाबाई मात्र उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेल्या. फ्रांतिशेक वावरा, शेतकरी, घर क्रमांक चौदा. आना. आनाच्या बापाचं नाव, आईचं नाव, साक्षीदारांची नावं. आईनं कधी तरी 'बाबिच्का आना', म्हणजे आना आजी, असं म्हटलं होतं, अंगाईत की रागात ते आठवेना, पण तो आवाज आठवला, आणि त्या आवाजाला एकदम घर क्रमांक मिळाला. त्यांना हसू आलं, आणि मग थेंब न घालताच डोळ्यांना पाणी.

त्यानंतरचे शनिवार सणासारखे आले. खालच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या स्टॉलवरून निशिकांत प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेऊन यायचा, सुलेखाबाई थालीपीठ लावायच्या, आणि दोघं सोफ्यावर शेजारी शेजारी बसायची. वीसएक वर्षांत सासू-जावई एवढी जवळ कधी बसली नव्हती. तोवर त्यांच्यात बोलणं म्हणजे 'जेवलात का' आणि 'औषध घेतलंत का'. आता निशिकांत म्हणायचा, "आई, हा वऱ्हाडी बघा, दर लग्नात साक्षीदार. फुकट जेवणारा दिसतोय." "अहो, गिरणीवाला आहे तो. पीठ उधार देत असेल, बोलवावंच लागत असेल." एकेका लग्नातून मागचं लग्न उघडत होतं. फ्रांतिशेकच्या मागे वात्स्लाव, त्याच्या मागे यान, त्याच्या मागे योसेफ. लग्नं बहुतेक फेब्रुवारीत नाही तर नोव्हेंबरात. म्हणजे सुगी संपल्यावर, आपल्यासारखीच. मधेच अक्षर जर्मन व्हायचं, मग लॅटिन. लॅटिनवर निशिकांत अडखळायचा, फोन शब्दापुढे धरून अर्थ विचारायचा. एका पानावर त्यानं एक शब्द मोठ्यानं वाचला, 'विदुआ', आणि सुलेखाबाई टाळी वाजवून म्हणाल्या, "अहो, ही आपली विधवाच की!" दोघांनी फोनला विचारलं. विधवाच होती. तिचं दुसरं लग्न लागत होतं, चांगलं चर्चमध्ये, चार साक्षीदारांसमोर. सुलेखाबाईंना वडिलांची आत्या आठवली, माजघराच्या कोपऱ्यात जन्म काढलेली. आणि तिच्याही कितीतरी आधीच्या या अनोळखी बाईचं त्यांना फार बरं वाटलं. "कोण ही?" "नवरदेव कुबीन आहे. कुणीतरी कुबीन. आपला नाही," निशिकांत म्हणाला आणि त्यानं पान उलटलं.

आणि मग गाडं अडलं. योसेफच्या लग्नात बापाचं नाव स्वच्छ होतं, मातेय वावरा, आईचं दोरोता. पण मातेय वावराचं लग्नच कुठे नव्हतं. पुढची पानं झाली, मागची झाली, शेजारच्या गावाची वही झाली. याकुब वावरा म्हणून एक होता, तो निपुत्रिक मेलेला. मातेय मात्र जणू आकाशातून पडला होता. "ओपनिंग बॅलन्सच लागत नाही, आई," निशिकांत वैतागून म्हणायचा. सुलेखाबाईंना वाटायचं, जाऊ दे, एवढं मिळालं ते काय कमी आहे. पण रात्री पडल्यावर मातेय त्यांच्या डोक्यात येऊन उभा राहायचा, तोंड नसलेला, हातात काठी, एका दाराबाहेर. आत जावं की नाही ते न कळून. तेवढ्यात अनीशचा पुन्हा फोन आला. एक चांगलं कुटुंब फ्लॅट मागत होतं, त्यांना रविवारपर्यंत सांगायचं होतं. "रविवारी सांगते," सुलेखाबाई म्हणाल्या, आणि मनात परतीची बॅग भरायला घेतली. या घरावर त्यांचं प्रेम होतं. पण प्रेम असणं वेगळं आणि घर आपलं असणं वेगळं, असं त्या स्वतःला समजावत होत्या. त्या संध्याकाळी त्या वाकून चपला फिरवत असताना लिफ्टचं दार उघडलं आणि निशिकांत बाहेर आला. "आई, एक विचारू? चार वर्षं बघतोय. तुमच्या चपला कायम निघायच्या तयारीत का असतात?" ऑडिटवाल्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. "सवय," त्या म्हणाल्या, आणि आत येऊन उगीचच कोथिंबीर निवडायला बसल्या.

शनिवारी निशिकांत म्हणाला, "आज तुम्हीच चला खाली. जरा हवा लागू दे डोक्याला." हॉकर सेंटरमध्ये पंखे घोंघावत होते, टेबलं नुकतीच पुसलेली, ओल्या फडक्याचा आणि भाजलेल्या कॉफीचा वास. कोपऱ्यावरच्या कॉफीच्या स्टॉलवर जाऊन निशिकांत म्हणाला, "मॉर्निंग, अंकल सेंग! टू कोपी." तो हडकुळा माणूस हात हलवून हसला. टेबलाशी आल्यावर निशिकांत म्हणाला, "गंमत म्हणजे हा सेंग नाहीच. सेंग म्हातारा केव्हाच रिटायर झाला. ह्यानं नुसता स्टॉल घेतला, पाटी तीच ठेवली. सगळे ह्यालाच सेंग म्हणतात. ह्याचं खरं नाव कुणालाच ठाऊक नाही." सुलेखाबाईंनी कप तोंडाला लावला होता, तो तसाच राहिला. पंख्याच्या घोंघावण्यातून कारखान्याचा भोंगा वाजला. वसाहतीतला वळणावरचा बंगला दिसला, दारात कण्हेर. तिथे पाटणकर इंजिनियर राहायचे. त्यांची बदली झाली आणि त्या बंगल्यात मिस्त्री डॉक्टर आले, पारशी, गुबगुबीत, शिट्टी वाजवत चालणारे. आणि आई त्यांना पहिल्या दिवसापासून 'पाटणकर डॉक्टर' म्हणू लागली. वडील कपाळाला हात लावायचे. "अगं लीला, मिस्त्री! मिस्त्री नाव आहे त्यांचं!" "त्या घरात राहतात ना?" आई शांतपणे म्हणायची. "मग पाटणकरच." सगळी वसाहत हसायची, मडमेला आडनावं लक्षात राहत नाहीत म्हणून. डॉक्टर मात्र त्या नावाला ओ द्यायला शिकले. मुंबईला परत गेल्यावर दर नवीन वर्षाला त्यांचं कार्ड यायचं, खाली सही, 'आपला पाटणकर'. एवढी वर्षं सुलेखाबाई हा किस्सा हसण्यासाठी सांगत आल्या होत्या. आई विसरत नव्हती. तिच्या गावात असंच बोलत असणार. नाव माणसाचं नव्हतंच, छपराचं होतं. जो त्या छपराखाली येऊन राहील, तो त्या नावाचा.

"निशिकांत, ऊठ!" त्या म्हणाल्या. जावयाला अरेतुरे केल्याचं त्यांच्या लक्षातही आलं नाही; त्याच्या आलं, आणि तो ताबडतोब उठला. "काय झालं? डोळा दुखतोय?" "डोळ्याला काय धाड भरलीय! ती विधवा. ती विदुआ. मागे चल. आपण नवऱ्यांचीच नावं बघत बसलो ना रे, शहाण्यासारखे! मुलगा घरातच असणार आणि सून बाहेरून येणार, असं धरून चाललो. आणि तोच बाहेरून आला असला तर?" कोपी अर्धी टेबलावर राहिली. लिफ्ट येईपर्यंत निशिकांत बटण दाबतच राहिला, जणू त्यानं लिफ्ट लवकर येते.

पान सापडायला वेळ लागला, कारण ते त्यांनी आपलं नाही म्हणून सोडून दिलेलं. मधुवंती ओले हात पुसत येऊन उभी राहिली. निशिकांतनं फोन एकेका शब्दावर धरला. मातेय, कुबीनचा मुलगा, डोंगरापलीकडच्या गावचा. त्याच्याशी दोरोता, विधवा, कै. याकुब वावरा याच्या मागे राहिलेली. "दोरोता!" सुलेखाबाई टीव्हीला बोट लावून म्हणाल्या. "ही काय दोरोता! इथेच तर होती!" निशिकांतनं घाईघाईनं जन्मांची वही काढली. पुढच्याच हिवाळ्यात दोरोताला मुलगा झाला होता, योसेफ. आणि बापाच्या जागी कुबीन नव्हतं. त्याच पाद्र्यानं, त्याच शाईनं लिहिलं होतं, मातेय वावरा. खाली साक्षीदार म्हणून इथेही गिरणीवालाच. "जुळलं!" निशिकांत ओरडला आणि त्यानं दोन्ही हात वर केले. हॉलमध्ये आलेल्या निहारनं काय झालं ते न कळूनही बापाच्या हातावर टाळी दिली. "थांबा थांबा," मधुवंती म्हणाली, "म्हणजे आपण वावरा नव्हेच? रक्तानं?" "नव्हेच!" निशिकांत म्हणाला. "आणि दोरोता?" "तीसुद्धा नाही. ती याकुबची बायको म्हणून आलेली, दुसऱ्याच गावाहून." "म्हणजे त्या घरात दोघंही बाहेरचे?" मधुवंती हसायला लागली. "आणि तुझी आई जन्मभर सांगत होती, आम्ही वावरांच्या घरचे!" "बरोबरच सांगत होती," सुलेखाबाई म्हणाल्या. "वावरांच्या घरचेच. घरचे, म्हणाली ती. बाकी काही म्हणाली का?"

दुपारी सगळे झोपले तरी त्यांना झोप आली नाही, आणि त्याचं वाईटही वाटलं नाही. खिडकीबाहेर समोरच्या ब्लॉकवर बांबूंना कपडे वाळत होते, प्रत्येक खिडकीतून एकेक कुटुंब रस्त्यावर झुकल्यासारखं. त्यांना दोरोता दिसत होती. नवरा गेलेला, शेत पडलेलं, दारात डोंगरापलीकडचा एक माणूस काठी घेऊन उभा. ती काय म्हणाली असेल? ये म्हणाली असेल, आणि पायातले चिखलाचे बूट इकडेच काढ म्हणाली असेल. त्यानं काढले असतील. आणि संध्याकाळी शेजारचा कुणी कुंपणावरून ओरडला असेल, "काय वावरा, गवत कापलंस का?" तेव्हा पहिल्यांदा त्यानं मागे वळून बघितलं असेल, कुणाला हाक मारतोय म्हणून. दुसऱ्यांदा नसेल बघितलं. आणि मग तांदळाच्या ताटाशी बसलेली आई दिसली, वीस-बावीस वर्षांची, परक्या लिपीतली ती दोन अक्षरं बघून खुशीत हसणारी. लोकांना वाटलं, गरीब आहे बिचारी, नाव टाकलं तरी हसते. तिला मात्र त्यात ओळखीचंच काही दिसलं असेल. नवं छप्पर, मग नवं नाव, त्यात काय एवढं? ती पाहुणी म्हणून एक दिवससुद्धा राहिली नव्हती सासरच्या देशात. दुसऱ्यांच्या चपला फिरवून ठेवल्या तिनं. स्वतःच्या कधीच नाही. हे सुलेखाबाईंना आजच सुचलं, आणि त्या एकट्याच मोठ्यानं हसल्या.

अनीशला त्यांनी रविवारची वाट न बघता फोन केला. "ते चांगलं कुटुंब म्हणालास ना, त्यांना देऊन टाक. लांब मुदतीनं दे." "काकू, नक्की? मग तुम्ही कधी येणार?" "येईन ना," त्या म्हणाल्या. "पाहुणी म्हणून येईन. तुझ्याकडे उतरेन. चपला नीट ठेव माझ्या." अनीशला काही कळलं नाही, काकूंचं वय झालं असं त्याला वाटलं असावं.

संध्याकाळी त्या फिरायला गेल्या. तळ्याकाठच्या बागेत ओळखीच्या चिनी बाया हात हलवत उलट्या चालत होत्या, त्यांच्याबरोबर त्याही चार पावलं उलट्या चालल्या. घरी आल्या तेव्हा निशिकांत दारातच कुंडीला पाणी घालत होता. "काय वावराबाई!" तो म्हणाला, "लांबवर जाऊन आलात?" "वावरा तिकडे रे. इथे मी बिशानकर," त्या म्हणाल्या, आणि तहान लागली होती म्हणून चपला पायांतून झटकून थेट फ्रिजकडे गेल्या. गार पाणी प्यायला. ग्लास ओट्यावर तसाच ठेवला. टूथब्रश खोलीतून आणून बाथरूमच्या कपात टाकला, निहारच्या ब्रशशेजारी, आणि टीव्हीसमोर जाऊन बसल्या. टीव्हीवर अजून ते पान होतं, कुणी बंद केलं नव्हतं.

थोड्या वेळानं लिफ्ट वाजली. बाजारहाट करून मधुवंती आली. दाराशी पिशव्या आपटल्याचा आवाज, काहीतरी पायात आल्याचा, आणि मग तिचा चढा स्वर. "अरे देवा! निहार, किती वेळा सांगितलं... निहार!" "नॉट मी!" आतून निहार ओरडला. मग, "आई! ह्या तुझ्या चपला? एक इकडे, एक तिकडे? आत्ता पडले असते मी तोंडावर! नीट काढता येत नाहीत का गं? ह्या वयात काय मुलासारखं!"

निशिकांत कुंडीपाशी थांबला. सुलेखाबाईंनी टीव्हीवरून नजर हलवली नाही. त्यांचा चेहरा दिवाळीतल्या करंजीसारखा फुलला होता.

"ओरड, ओरड," त्या म्हणाल्या. "आणखी जरा ओरड."